विश्लेषण : मेस्सीचे गाव आणि सोयाबीनचा भाव

डमडम (कोलकाता) : विमानतळाकडे जाणाऱ्या व्हीआयपी रस्त्यालगत, दक्षिण डमडम नगरपालिकेच्या हद्दीतील लेक टाऊन–श्रीभूमी परिसरात गेल्या काही वर्षांत अर्जेंटिनाच्या दोन फुटबॉलपटूंचे पुतळे उभारण्यात आले. दिएगो मॅराडोना डिसेंबर २०१७ मध्ये स्वतः आपल्या पुतळ्याच्या अनावरणाला आले होते. लिओनेल मेस्सी यांच्या सुमारे ७० फुटी पुतळ्याचे अनावरण १३ डिसेंबर २०२५ रोजी खुद्द मेस्सी यांनीच दूरदृश्य प्रणालीद्वारे केले. त्याच दिवशी सॉल्ट लेक स्टेडियमवर काय घडले, हे साऱ्या देशाने पाहिले. हजारो रुपयांची तिकिटे काढून आलेल्या चाहत्यांना मेस्सी जेमतेम काही मिनिटे आणि तेही मान्यवरांच्या गराड्यात दिसले. संतापलेल्या प्रेक्षकांनी खुर्च्या उखडल्या, बाटल्या भिरकावल्या. त्या गोंधळाची दखल अर्जेंटिनाच्या वृत्तपत्रांनीही घेतली.

अर्जेंटिनावर एवढा जीव टाकणाऱ्या या भागाला मेस्सी यांचे जन्मगाव रोसारियो हे नाव नवे नाही. मात्र पाराना नदीकाठच्या या शहराशी भारताचे दुसरेही एक नाते आहे आणि त्याला ना पुतळा आहे ना पताका. डमडमच्या किराणा दुकानात राईच्या ‘शोर्षेर तेला’शेजारी ‘शादा तेल’ म्हणून जे रिफाइंड तेल मिळते, त्यातील सोयाबीन तेलाचा मोठा हिस्सा रोसारियोच्या परिसरातील गिरण्यांतून निघालेला असतो. तेच तेल लातूर, धाराशिव, वाशीम, हिंगोलीच्या शेतकऱ्याच्या सोयाबीनशी भावात स्पर्धा करते. असे असूनही रोसारियोच्या ज्या बातम्या भारतात पोहोचतात त्या बहुधा मैदानावरच्या असतात. गिरणीच्या, नदीच्या आणि निर्यात कराच्या बातम्या पोहोचत नाहीत. पोहोचल्याच तर लंडन-न्यूयॉर्कमार्गे, इंग्रजीतून आणि उशिरा.

वास्तविक या बातम्या कोणालाही, बहुतांशी विनामूल्य आणि थेट उगमापासून मिळू शकतात. त्यासाठी एक ई-मेल पत्ता पुरतो. अडचण आहे ती त्या स्पॅनिशमध्ये असतात ही, आणि त्या आपल्यासाठी लिहिलेल्या नसतात ही.

तीन दिवसांची गोष्ट

माहितीच्या या दरीची किंमत किती असू शकते, हे २०२५ च्या सप्टेंबरमधील तीन दिवसांनी दाखवून दिले. सोमवार, २२ सप्टेंबर. महाराष्ट्रात घटस्थापना होती आणि मराठवाड्यावर पावसाचे संकट कोसळले होते. धाराशिव, बीड, लातूर, सोलापूर भागात नद्यांनी पात्र सोडले होते आणि काढणीच्या तोंडावर आलेले सोयाबीन पाण्यात उभे होते. त्याच रात्री कोलकात्यात काही तासांत अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. दुर्गापूजेच्या तोंडावर शहर पाण्याखाली गेले आणि विजेचा धक्का बसून अनेकांचे प्राण गेले. दोन्हीकडची वृत्तपत्रे साहजिकच पुराच्या बातम्यांनी भरलेली होती.

त्याच सोमवारी अर्जेंटिनाच्या सरकारने धान्य, तेलबिया आणि त्यांच्या उपपदार्थांवरील निर्यात कर शून्यावर आणला. चलनसंकटात सापडलेल्या हाविएर मिलेई सरकारला डॉलर हवे होते. ही सवलत ३१ ऑक्टोबरपर्यंत किंवा सात अब्ज डॉलरच्या निर्यातीची नोंद होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर लागू राहणार होती. निर्यातदारांनी अवघ्या तीन दिवसांत ती मर्यादा गाठली आणि बुधवारी सवलतीचे दार बंद झाले. त्या अवधीत चीनने सोयाबीनची जहाजामागून जहाजे नोंदविली, तर भारतीय आयातदारांनी सुमारे तीन लाख टन सोयाबीन तेलाचे सौदे केले. हे प्रमाण विक्रमी मानले गेले.

सोयाबीन तेल आणि पेंडीवरचा कर त्याआधी साडेचोवीस टक्के होता. तो एका दिवसात शून्य होणे याचा अर्थ मुंबई, कांडला, हल्दियाच्या बंदरांत उतरणारे तेल तेवढ्यापुरते स्वस्त होणे, आणि स्वस्त तेल येऊ घातले आहे हे कळताच देशातील तेल गिरण्यांनी सोयाबीन खरेदीत हात आखडता घेणे. मोठ्या आयातदाराला ही बातमी काही मिनिटांत कळते. त्याच्या टेबलावर महागड्या वृत्तसेवांचे पडदे असतात, ब्यूनस आयर्समध्ये दलाल असतो. शेतकऱ्याला ती कळते बाजार समितीच्या आवारात, भाव पडल्यावर. आणि तेव्हाही तो का पडला, हे कळत नाही.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. गेल्या हंगामात सोयाबीनला भाव मिळाला नाही, याचे खापर एकट्या रोसारियोवर फोडता येणार नाही. केंद्राने २०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर केला. ऑक्टोबरमध्ये मराठवाड्यातील बाजार समित्यांत दर त्याच्या बरेच खाली होते. त्यामागे भिजलेल्या मालातील ओलावा होता. मक्यापासून इथेनॉल करताना उरणाऱ्या स्वस्त पशुखाद्यामुळे पेंडीची घटलेली मागणीही होती. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ टक्के. बाकी सारी पेंड. त्यामुळे निव्वळ तेलाच्या आयातीवरून भावाचे गणित सुटत नाही. दिल्लीचे धोरणही आहेच. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील प्रभावी आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले गेले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते साडेसोळावर उतरविले गेले. तरीही सोयाबीन तेलाची आयात २०२४-२५ च्या तेल वर्षात ५० लाख टनांच्या पुढे गेली आणि अर्जेंटिना हा त्याचा प्रमुख पुरवठादार राहिला, हे विसरता येत नाही.

दुसरी बाब देशांतर्गत वायदेबाजाराची. सेबीने २० डिसेंबर २०२१ पासून सोयाबीनसह काही शेतमालांचे वायदे व्यवहार स्थगित केले आणि त्या स्थगितीला पुन्हा पुन्हा मुदतवाढ दिली. वायद्यांमुळे सट्टेबाजी होते की नाही, हा वाद वेगळा. पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत भाव कुठे जाऊ शकतो, याचा देशात जो एक उघड संकेत मिळत असे, तो नाहीसा झाला. अशा वेळी परदेशातील बातमीचे मोल वाढते. लातूरचा जाणता शेतकरी आज मोबाइलवर शिकागोचा भाव पाहतो. पण शिकागोत सौदे होतात ते अमेरिकेच्या सोयाबीनचे. भारतात येणारे तेल बहुतांशी दक्षिण अमेरिकेचे असते.

नदीकाठची सत्तर किलोमीटर

ब्यूनस आयर्सपासून पारानाच्या वरच्या अंगाला सुमारे तीनशे किलोमीटरवर रोसारियो आहे. शहराच्या दोन्ही बाजूंना मिळून सुमारे सत्तर किलोमीटरच्या नदीकाठावर, दक्षिणेला आरोयो सेको ते उत्तरेला सान लोरेन्सो व तिंबुएसपर्यंत, धक्के आणि तेलगिरण्या यांची रांग लागली आहे. देशातून निर्यात होणारे धान्य, पेंड व तेल यांपैकी सुमारे ८० टक्के माल येथून जहाजात चढतो. सोयाबीन तेल आणि पेंड यांच्या निर्यातीत अर्जेंटिना जगात पहिला आहे. म्हणजे या चिंचोळ्या पट्ट्यात काही बिनसले, तर त्याचा धक्का थेट आपल्या बंदरांना बसतो.

आणि तिथे अधूनमधून बिनसतेच. डिसेंबर २०२० मध्ये तेलगिरणी कामगार व धान्य तपासनिसांच्या संघटनांनी पगारवाढीसाठी संप केला, तो सुमारे तीन आठवडे चालला. शंभराहून अधिक जहाजे नदीत आणि मुखाशी खोळंबली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा संप झाला. दरम्यान २०२१ मध्ये पारानाची पातळी ७७ वर्षांतील नीचांकाला गेली, तेव्हा जहाजे पूर्ण भरता येईनात. थोडा माल येथे चढवायचा आणि उरलेला दक्षिणेकडच्या सागरी बंदरांत, अशी कसरत करावी लागली. त्याआधी, डिसेंबर २०१९ मध्ये, सान्ता फे प्रांतातील आवेयानेदा या छोट्या शहरातून वाढलेली ‘विसेन्तिन’ ही आघाडीची तेलनिर्यातदार कंपनी देणी थकवून बसली आणि पुढच्या वर्षी तिच्या सरकारीकरणाचा घाट घालून सरकारला माघार घ्यावी लागली.

या चारही घटना आधी प्रादेशिक बातम्या होत्या. संपाची नोटीस आधी सान लोरेन्सोच्या स्थानिक बातम्यांत येते, नदीची पातळी रोसारियोच्या रोजच्या हवामानाच्या चौकटीत, आणि कंपनीने पैसे थकविल्याची कुजबुज शेतकऱ्यांच्या गावात. राष्ट्रीय पातळीवर ती बातमी व्हायला दिवस जातात आणि जागतिक व्हायला कधी आठवडा. भारतात काय पोहोचले, हे तपासून पाहण्यासारखे आहे. मार्च २०२३ मध्ये मेस्सी यांच्या सासरच्या मंडळींच्या रोसारियोतील सुपरमार्केटवर रात्री गोळीबार झाला, तेव्हा ती बातमी दुसऱ्याच दिवशी भारतातील बहुतेक भाषांत छापून आली. त्याच शहराच्या वेशीवर तीन आठवडे तेलगिरण्या बंद होत्या, ती बातमी मात्र व्यापार पानांच्या तळाशी राहिली.

ई-मेल का?

रोसारियोचे ‘ला कापिताल’ हे दैनिक १५ नोव्हेंबर १८६७ रोजी सुरू झाले. आजही निघत असलेल्या अर्जेंटिनाच्या दैनिकांत ते सर्वांत जुने मानले जाते. शहराची ‘बोल्सा दे कोमेर्सिओ’, म्हणजे व्यापार मंडळ, १८८४ पासूनचे आहे. त्याचा साप्ताहिक अहवाल दर शुक्रवारी निघतो; पिकांच्या स्थितीचा अहवाल वेगळा असतो. नाव नोंदविणाऱ्याला हे सारे ई-मेलने घरपोच मिळते.

समाजमाध्यमांच्या जमान्यात ई-मेल हे जुनाट साधन वाटेल. प्रत्यक्षात परक्या देशातील प्रादेशिक बातमी धरून ठेवायची तर तेच सर्वांत भरवशाचे ठरते. समाजमाध्यमांची यंत्रणा वाचकाला त्याच्या भोवतालचे आणि त्याला आवडेल ते दाखविते. डमडममध्ये ‘रोसारियो’ शोधणाऱ्याला ती मेस्सी दाखवील, हे उघड आहे. संकेतस्थळावर रोज आपण होऊन जावे लागते. ई-मेल मात्र आपल्या पायांनी येतो, ठरलेल्या वेळी येतो आणि साठून राहतो. सहा महिन्यांपूर्वी नदीची पातळी किती होती, हे पुन्हा उघडून पाहता येते. तो हलका असल्याने कमकुवत नेटवर्कवरही उघडतो. गुगल-फेसबुकने जाहिरातींचा पैसा ओढून नेल्यावर जगभरच्या प्रादेशिक वृत्तपत्रांनी न्यूजलेटरची कास धरली ती याचसाठी. त्यात वाचक आणि संपादक यांच्यामध्ये तिसरे कोणी नसते.

या मेलचा पहिला वाचक अर्थातच भारतीय नव्हे. २००१-०२ च्या आर्थिक पडझडीनंतर अर्जेंटिना सोडून स्पेनमध्ये गेलेल्या हजारो कुटुंबांसारखे लोक ती वाचतात. दूर प्रांतात राहणाऱ्या आणि गावाकडच्या वृत्तपत्राच्या टपालाने येणाऱ्या शिळ्या अंकाची वाट पाहिलेल्या मराठी कुटुंबांना ही ओढ समजावून सांगायला नको. पण त्यामुळेच या पत्रांचा सूर घरगुती असतो. रस्त्यांची, पक्षांची, संघटनांची नावे खुलाशाविना येतात. पोलीस, पाऊस आणि फुटबॉल यांच्या गर्दीत कामाची ओळ शोधावी लागते.

वेळेचे गणितही लक्षात घेण्याजोगे आहे. रोसारियो भारतापेक्षा साडेआठ तास मागे आहे. तिकडे सकाळी आठला निघालेले पत्र येथे दुपारी साडेचारला येते, म्हणजे बहुतेक बाजार समित्यांतले सौदे उरकल्यावर. उलट तिकडच्या दिवसअखेरीचे पत्र येथे पहाटे हाती पडते. शिवाय तेलाचे जहाज तिथून भारतात यायला सहा आठवड्यांहून अधिक लागतात. मलेशिया-इंडोनेशियाचे पामतेल आठ-दहा दिवसांत येते. म्हणजे माल येण्याआधी दीड महिना बातमी येऊ शकते. भाव मात्र माल येण्याची वाट पाहत नाही, तो बातमीबरोबरच हलतो. म्हणून दीड महिन्याची ही सवड फक्त बातमी ठाऊक असलेल्यांच्याच कामी येते.

‘शून्य कपात’ म्हणजे काय?

यंत्राने केलेले भाषांतर आता मोबाइलवर एका स्पर्शासरशी मिळते, मग भाषेची अडचण उरलीच कुठे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तरादाखल रोसारियोच्या फुटबॉलचेच उदाहरण घेता येईल. शहरात दोन कट्टर प्रतिस्पर्धी संघ आहेत. न्यूएल्स ओल्ड बॉईज, जिथे मेस्सी लहानपणी घडले आणि १९९३ मध्ये मॅराडोनाही काही काळ खेळले; आणि रोसारियो सेंट्राल. कुष्ठरुग्णांच्या मदतीसाठी सामना खेळायला एक तयार झाला, दुसऱ्याने नकार दिला, अशी दंतकथा आहे. त्यावरून पहिल्याला ‘कुष्ठी’ आणि दुसऱ्याला ‘बदमाश’ ही नावे पडली आणि दोघांचेही समर्थक ती अभिमानाने मिरवितात. अनुवादाच्या यंत्राने ‘कुष्ठरोग्यांनी बदमाशांना हरविले’ अशी बातमी डमडमच्या चाहत्यापुढे ठेवली, तर तो हसून सोडून देईल.

व्यापाराच्या बातमीत असे हसून भागत नाही. निर्यात कराला अर्जेंटिनात ‘रेतेन्सिओनेस’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ रोखून ठेवलेली रक्कम, कपात. २२ सप्टेंबरच्या बातमीतील शब्द होते शून्य ‘रेतेन्सिओनेस’. त्याचे शब्दशः मराठी ‘शून्य कपात’. ते वाचणाऱ्याला वाटेल की करात काहीच कपात झाली नाही, आणि प्रत्यक्षात घडले नेमके उलटे. ‘पारो’ म्हणजे अर्जेंटिनात संप आणि स्पेनमध्ये बेरोजगारी. ‘बाखान्ते’ म्हणजे नदीचे ओसरलेले पाणी. स्पेनमध्ये तोच शब्द छतावरून खाली येणाऱ्या सांडपाण्याच्या नळाला वापरतात. ‘जाडे पीक’ म्हटले की तिकडे सोयाबीन-मका समजायचा आणि ‘बारीक पीक’ म्हणजे गहू-जव. आपल्याकडच्या खरीप-रब्बीसारखाच हा पिढीजात शब्दव्यवहार आहे. आकड्यांची तर वेगळीच कथा. स्पॅनिशमध्ये हजारांनंतर टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम. ‘७.००० दशलक्ष’ हे सात अब्ज असतात; घाईत वाचणारा ते सात दशलक्ष समजू शकतो.

त्याच शब्दांत काही आश्चर्यकारक ओळखीचेही सापडते. रोसारियोच्या दराला ‘पिसार्रा’, म्हणजे फळा, म्हणतात. पूर्वी तो खरोखर फळ्यावर खडूने लिहीत. आदल्या दिवसाच्या व्यवहारांवरून तो ठरतो आणि पंचक्रोशीतील जमिनीचा खंडही अनेकदा त्यावरच हिशेबिला जातो, कारण खंड ठरतो तो क्विंटलभर सोयाबीनच्या मापात. लातूरच्या बाजार समितीत ‘पोटली’तून निघणारा दर ज्याने पाहिला आहे, त्याला ‘पिसार्रा’ समजायला कोश लागणार नाही. यंत्राला मात्र ही ओळख पटत नाही. ती पटवून देणारा, स्पॅनिश आणि बाजार दोन्ही जाणणारा माणूस मध्ये लागतो.

असा माणूस घडविणारी व्यवस्था आपल्याकडे नाही, असे नाही. पण तिची वाट वेगळीकडे जाते. कोलकात्यात जादवपूर विद्यापीठात आणि गोलपार्कच्या रामकृष्ण मिशनच्या संस्थेत, तसेच पुण्यातही स्पॅनिश शिकविली जाते. दिल्लीत २००९ पासून स्पेन सरकारचे सर्वांतेस केंद्र आहे. शिकणारे पर्यटन, कॉल सेंटर, भाषांतर कंपन्या आणि साहित्य यांकडे वळतात. शेतमाल व्यापाराच्या वार्तांकनाकडे वळलेला क्वचितच. विरोधाभास असा की साहित्यात बंगालने हे अंतर केव्हाच ओलांडले आहे. रवींद्रनाथ ठाकूर १९२४ मध्ये ब्यूनस आयर्सजवळ व्हिक्टोरिया ओकाम्पो यांचे पाहुणे होते. मानवेंद्र बंद्योपाध्याय यांनी लॅटिन अमेरिकी साहित्य बंगालीत आणण्यात आयुष्य वेचले. कोलकाता पुस्तक मेळ्याने स्पेन, मेक्सिको, पेरू, बोलिव्हिया, कोस्टा रिका, ग्वाटेमाला यांना ‘थीम देश’ केले, आणि जानेवारी २०२६ च्या मेळ्यासाठी तो मान अर्जेंटिनाला दिला. महाराष्ट्राचेही उदाहरण आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात पोहोचले आणि तिथल्या शेतकऱ्यांमध्ये काम करीत मक्यावर संशोधन केले. २४ परगण्यातील आर्बेलियाचे मानवेंद्रनाथ रॉय तर १९१७ मध्ये मेक्सिकोत जाऊन स्पॅनिश शिकले आणि तिथल्या वृत्तपत्रात लिहू लागले. शंभर वर्षांपूर्वी, टपाल महिनोन्महिने घेत असताना हे शक्य झाले.

उगमच आटत असेल तर?

विकसनशील देशांनी एकमेकांची बातमी पाश्चात्त्य संस्थांच्या मध्यस्थीविना घ्यावी, ही कल्पना जुनी आहे. अलिप्ततावादी देशांच्या वृत्तसंस्थांचा ‘पूल’ १९७० च्या दशकात याच हेतूने उभा राहिला आणि त्यात भारताचा पुढाकार होता. युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाने १९८० मध्ये जगातील माहितीच्या एकतर्फी प्रवाहावर बोट ठेवले. त्या आयोगात कोलंबियाचे गाब्रिएल गार्सिया मार्केस होते आणि भारताचे बी. जी. व्हर्गीस. पुढे शीतयुद्ध संपले, ‘पूल’ निष्प्रभ झाला आणि चर्चाही मागे पडली.

आता त्या साखळीतील एक महत्त्वाची कडी निखळली आहे. अर्जेंटिनाची १९४५ पासूनची सरकारी वृत्तसंस्था ‘तेलाम’ मार्च २०२४ मध्ये मिलेई सरकारने बंद केली. कार्यालयाला कुंपण घातले गेले, सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांना घरी बसविण्यात आले आणि पुढे तिचे रूपांतर सरकारी जाहिरात संस्थेत झाले. ती सरकारधार्जिणी आणि खर्चिक असल्याचे आरोप होते, त्यांत तथ्यही असेल. परंतु राजधानीबाहेरच्या प्रांतांत वार्ताहर ठेवणारी एवढी मोठी दुसरी यंत्रणा त्या देशात नव्हती. पत्रकारांच्या ‘फोपेआ’ या संघटनेने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत देशातील जवळपास निम्मे जिल्हे ‘बातमीचे वाळवंट’ आढळले होते, म्हणजे तिथे स्थानिक पत्रकारिता जवळजवळ नव्हतीच. रोसारियोत चित्र तुलनेने बरे आहे. तिथले ‘एल सिउदादानो’ हे वृत्तपत्र मालक निघून गेल्यावर पत्रकारांनीच सहकारी संस्था काढून चालू ठेवले. सहकाराच्या महाराष्ट्राला त्याचे कौतुक वाटावे.

याचा लातूरशी संबंध आहे. सान लोरेन्सोच्या कामगार सभेला जाणारा वार्ताहर उरला नाही, तर संपाची बातमी कंपनीच्या किंवा संघटनेच्या पत्रकावरून होईल. व्यापार मंडळाचे अहवाल उत्तम असतात, पण ते व्यापाऱ्यांच्या संस्थेचे असतात. कोणाला पैसे मिळाले नाहीत, हे त्यांत पहिल्या ओळीत येत नाही. भारतीय आयातदारासाठी पर्यायी, सशुल्क सेवा आहेत. सामान्य वाचकासाठी प्रादेशिक दैनिकाचे ते विनामूल्य पत्र हाच एक झरोका आहे.

उलट दिशेने नजर अधिक तीक्ष्ण आहे. सोयाबीन तेलाचा सर्वांत मोठा ग्राहक म्हणून रोसारियोच्या व्यापार अहवालांत ‘इंडिया’ हा शब्द वारंवार येतो. दिल्लीने आयात शुल्क बदलले, दिवाळीची मागणी वाढली, पामतेल सोयातेलापेक्षा महाग झाले, की त्याची नोंद तिकडे होते. सान्ता फे प्रांतातला शेतकरी गोदामात माल ठेवायचा की विकायचा, हे ठरविताना भारताकडे पाहू शकतो. मराठवाड्यातील शेतकरी मात्र त्याच निर्णयासाठी मोबाइलवरचा, कोणी कुठून पाठविला हे ठाऊक नसलेला संदेश वाचतो.

कृषी विद्यापीठे, पणन मंडळ किंवा मोठ्या शेतकरी कंपन्या यांपैकी कोणीही हे काम अंगावर घेऊ शकते. रोसारियोची दोन-तीन पत्रे रोज वाचून निर्यात कर, नदीची पातळी, संपाच्या नोटिसा आणि पिकाची स्थिती यांच्या चार ओळी मराठीत द्यायला मोठा निधी लागत नाही, एक जाणकार पुरतो. त्याने भाव वाढणार नाही, हेही खरे. हमीभावाखालची खरेदी, साठवणुकीची सोय, कर्जफेडीची तारीख हे प्रश्न बातमीने सुटत नाहीत. ज्याला माल आठ दिवसही घरात ठेवणे परवडत नाही, त्याला दीड महिन्याची आगाऊ सूचना असून काय उपयोग, असे कोणी विचारले तर त्याला नाही म्हणता येणार नाही. पण ज्याला थांबणे शक्य आहे, त्याने तरी अंधारात थांबू नये.

डिसेंबर २०२५ मध्ये अर्जेंटिनाने सोयाबीनवरील निर्यात कर २६ वरून २४ टक्क्यांवर आणि तेल-पेंडीवरील साडेचोवीसवरून साडेबावीसवर आणण्याची घोषणा केली. मेस्सी यांचा भारत दौरा त्याच आठवड्यातला. तिकडच्या ‘जाड्या पिका’ची कापणी मार्चअखेरीस सुरू होऊन जूनपर्यंत चालते, नदीकाठच्या गिरण्यांना कामगार कमी पडण्याचे आणि संघटनांना संपाची धार येण्याचे हेच दिवस. ती संपता संपता मराठवाड्यात पेरणीची वेळ येते, आणि घरात उरलेल्या सोयाबीनचे काय करायचे, हे तोवर ठरलेले असावे लागते.